डाव्या पुडीची कणीक

भर मंडपात कीर्तन थांबवणारी बाई म्हणून आता मला सगळी वडवणी ओळखते. ओळखू द्या. जिनं अंगात ताप असताना कीर्तन चुकवलं नाही, लेक कावेरीच्या वेळच्या बाळंतपणात भिंतीला कान लावून ऐकलं, ती बाई कीर्तन थांबवते म्हणजे काहीतरी कारण असेल, एवढा तरी विचार लोकांनी करावा. करत नाहीत. म्हणून लिहिते.

आमचं किराणा दुकान आहे. माझे मालक रुद्रप्पा दिवसभर तराजूपाशी बसायचे आणि दिवेलागणीला हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून मृदंग मांडीवर घ्यायचे. पंचक्रोशीतल्या कुठल्याही शिवनाम सप्ताहात आमचा मृदंग असणारच. दर माघात आमच्या वडवणीतही सप्ताह बसतो, आणि गावात चांगला म्हणावा असा मृदंग एकच, तो आमच्या घरचा.

मृदंगाला दोन तोंडं. उजव्या पुडीवर काळी शाई असते, ती कायमची. डाव्या पुडीवर मात्र दर वेळी ओली कणीक थापावी लागते. कणीक नसेल तर ती घुमत नाही, पत्र्यासारखी वाजते. वाळली तर आवाज चढतो. मग पाण्याचा हात लावायचा, नाहीतर खरवडून नवी थापायची. लग्न होऊन आले त्या वर्षापासून ही कणीक मी मळते. मीठ नाही, तेल नाही. हे म्हणायचे, "उमा, पोळीची कणीक बिघडली तरी चालंल, ही नको. पोळी मी एकलाच खातो, ही सारं गाव ऐकतं."

मी म्हणायचे, "पोळीला तर कवा चांगलं म्हणला न्हाईत."

"ती मृदंगावर थापून बघ, मंग सांगतो."

असं आमचं चालायचं.

शहाण्णव सालच्या माघातली गोष्ट. त्या वर्षांत गावात रोज काही ना काही नवं येत होतं. एसटीडीचा पिवळा बोर्ड आला, घरांवरून केबलची तार आली, आणि मोटारसायकलवर, भर उन्हात गळ्याला टाय बांधलेले औषध कंपन्यांचे लोक आले. राजेश्वर डॉक्टरच्या दवाखान्यात आजाऱ्यांच्या आधी ते आत जायचे. राजेश्वर आमच्याच समाजातला. चड्डीत होता तेव्हा आमच्या दुकानातून लिमलेटच्या गोळ्या न्यायचा. मला काकू म्हणतो, यांना अप्पा. मोठा झाला, शिकला, गावात परत येऊन बसला, याचं आम्हाला केवढं कौतुक!

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, प्रसादाच्या कीर्तनाआधी त्यानं मंडपाच्या कडेला टेबल टाकलं. वर कंपनीचा फलक. मोफत रक्तदाब तपासणी. बायाबापड्यांनी रांग लावली. यांनाही लोकांनी ओढून खुर्चीत बसवलं.

राजेश्वरनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दोनशे वीस!"

हे हसले. "दोनशे वीस? आज तेवढ्या किलोची साखर बी न्हाई इकली."

"अप्पा, डोकं दुखतं? चक्कर?"

"काई न्हाई रे बाबा. सकाळी मळ्यापतूर चालत जाऊन आलो."

"तुम्हाला कळत नाही. आतून बॉम्ब आहे बॉम्ब. थांबा, दहा मिनिटांत जादू दाखवतो."

टेबलावर पिवळ्या मऊ गोळ्यांचा डबा होता, नमुन्याच्या म्हणून फुकट आलेला. आत पातळ औषध भरलेल्या गोळ्या. त्यानं एक काढली, सुईनं टोचली. "जीभ वर करा." आणि जिभेखाली पिळली, जसं लहान पोराला काजळाचं बोट लावतात तितक्या सहज. भोवती गर्दी जमली. पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टा.

"एकशे दहा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी 'हर हर महादेव' केलं. मीही टाळ्या वाजवल्या. हे लिहिताना हात थांबतो, पण वाजवल्या.

हे उठले तसे जरा झुकले, खुर्ची धरली. "अंग कसं पोकळ झाल्यावानी वाटतंय."

राजेश्वर हसला. "ओझं उतरलं की हलकं वाटणारच, अप्पा. जा, वाजवा."

कीर्तनाला संगमेश महाराज उभे होते. त्या माणसाचा आवाज मला इतका आवडतो की त्यांनी नुसता घसा खाकरला तरी मी सावरून बसते. पहिलं चरण झालं. दुसऱ्या चरणाला महाराज वर गेले, टाळ दाटले, आणि मृदंगाचा घुमारा गेला. उजवी पुडी वाजत होती. डावी गप्प.

महाराजांनी तिकडं पाहिलं. टाळकऱ्यांतून कुणीतरी ओरडलं, "कणीक वाळली! काकू, कणीक!"

मलाही तेच वाटलं. ज्या घरात मृदंगाची डावी पुडी गप्प झाली म्हणजे कणीक वाळली, दुसरं काही नसतंच, त्या घरची मी. ओल्या फडक्यातला गोळा घेऊन धावले. जुनी कणीक नखांनी खरवडली. पाणी लावलं. यांचा डावा हात पुडीवरच पडलेला होता, मध्ये येत होता. मी तो उचलून बाजूला केला. लई जड लागला. मी म्हणाले, "अहो, हात काढा की." यांनी माझ्याकडं बघितलं. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. मला वाटलं, कीर्तनात विघ्न आलं म्हणून रागावले. मी मान खाली घालून कणीक थापत राहिले. चांगली गोल, मधोमध, कडा दाबून.

कणीक थापून मी हात पुसले, आणि हे मृदंगासकट माझ्या अंगावर कलंडले.

जीप करून बीड, बीडहून औरंगाबाद. तिथं मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सगळं विचारलं. गोळी टोचून जिभेखाली पिळल्याचं मी सांगितलं तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हणाले, "बाई, मला समजंल असं सांगा."

त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं पाटाचं पाणी येतं ना? वरनं दार एकदम खाली पाडलं तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचतं का? यांचं प्रेशर पुष्कळ वर्षं वाढलेलं असणार. मेंदूला त्याची सवय झाली होती. ते एका झटक्यात निम्म्यावर आणलं. शेवटचा वाफा कोरडा पडला. नक्की तसंच झालं असं मी कागदावर लिहून देणार नाही, पण असं होतं. म्हणूनच अशी गोळी पिळू नये, असं आता म्हणतात."

"मंग प्रेशर तसंच ठेवायचं व्हतं?"

"नाही. हळूहळू उतरवायचं. ही रोजची गोळी देते. आयुष्यभर घ्यायची. ही नाही घेतली तर उजवी बाजूही जाईल. किंवा माणूसच."

यांना डाव्या अंगाला लकवा. पाय महिन्याभरात ओढत का होईना चालू लागला. बोलणं जड, पण समजायचं. हात मात्र मेला. आणि रोजची गोळी यांनी घेतली नाही.

"गोळीनं डावा खाल्ला. आता उजवा खाऊ घालू व्हय तिला?"

"अहो, ती गोळी येगळी, ही येगळी."

"गोळी ती गोळी. तुला काय कळतं?"

मी हात जोडले. शपथ घातली. कावेरी सासरहून येऊन रडली. एकदा भाकरीत कुस्करून दिली, तर घास थुंकून म्हणाले, "तू बी त्याच्यातलीच." पुन्हा तसं केलं नाही. जेवताना नवऱ्यानं आपल्या हाताकडं संशयानं बघावं, ते मला सोसलं नाही.

गावानं तर आणखी सोपं करून टाकलं. प्रेशरच्या गोळीनं लकवा होतो, असं ठरूनच गेलं. अप्पा जिवंत पुरावा. कितीतरी घरांत कोनाड्यातल्या गोळ्या उकिरड्यावर गेल्या. राजेश्वरच्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीच्या भीतीनं माणसं बरोबर औषधही टाकायला लागली. बीडला नेऊन मोजलं की यांचं प्रेशर महिन्या-महिन्याला चढलेलंच असायचं. एकशे नव्वद, दोनशे, दोनशे दहा. उजव्या हातानं हे अजून एकट्या उजव्या पुडीवर बोल काढत बसायचे. मी आतून ऐकायचे आणि बोटांवर मोजावा तसा एकेक बोल मोजायचे, की चालतोय का, चालतोय का.

मी राजेश्वरच्या दवाखान्यात गेले. "बाबा, तू एकदा घरी ये. तुझ्या तोंडानं त्यांना सांग, की चूक त्या गोळी पिळण्यात झाली, औषध वाईट न्हाई. तुझ्याकडून ऐकलं तर घेतील."

तो खुर्चीतून उठला, माझ्या पाया पडला. खरंच पडला. म्हणाला, "काकू, मी त्या दिवशी प्रेशर उतरवलं नसतं तर अप्पा मंडपातच गेले असते. मी वाचवलं त्यांना."

"मंग औरंगाबादच्या बाई..."

"शहरातले डॉक्टर गावातल्या डॉक्टरला नावं ठेवणारच, काकू."

पाया पडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी परत आले. आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा पाया पडला, एकदाही घरी आला नाही.

पुन्हा माघ आला. पुन्हा सप्ताह, पुन्हा शेवटच्या दिवशी तोच फलक, तेच टेबल. मृदंग वाजवायला कड्याहून अजिनाथ म्हणून एक गुणी माणूस बोलावला होता. तो मोकळ्या हातानं आला, मृदंग आमचाच. मी कणीक मळली, फडक्यात गुंडाळली, आणि मंडपाकडं जाताना टेबलापाशी थांबले.

मला बघायचं होतं. मी सांगते ना, मला बघायचंच होतं, की पुन्हा सुई काढतो का.

शेतकरी म्हाळू खुर्चीत बसला होता. पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. राजेश्वर हळूच म्हणाला, "दोनशे दहा." मी टेबल बघितलं. पिवळ्या गोळ्यांचा डबा नव्हता. सुई नव्हती.

"म्हाळूदादा, ही चिठ्ठी घ्या. उद्या सकाळपासून अर्धी गोळी. आठ दिवसांनी दाखवायला या. घाई नाही करायची, हळूहळू उतरवू."

म्हाळू म्हणाला, "ती जादूची न्हाई का देत, पिळायची? अप्पाला दिलती तसली?"

"ती बंद केली आता," राजेश्वर म्हणाला. मग मान वर केली, आणि त्याला मी दिसले.

हळूहळू उतरवू! म्हणजे याला माहीत होतं. म्हाळूला सांगायला तोंड होतं. माझ्या घरी यायला पाय नव्हते. वर्षभर माझा माणूस गोळी थुंकत होता, आणि हा पाया पडत होता!

मी सरळ मंडपात गेले. हे खांबाला टेकून बसले होते, डावा हात उपरण्याखाली झाकलेला. मृदंग गादीवर ठेवलेला. महाराज उभे राहिले होते. आधी राजेश्वर डॉक्टरचा सत्कार, मग कीर्तन, असं ठरलेलं. समितीचे धर्मराज अण्णा शाल-नारळ घेऊन उभे. अजिनाथनं माझ्याकडं हात केला. "मावशी, कणीक द्या."

मी मृदंग उचलला आणि माझ्या मांडीवर घेतला. कणकेचा गोळा मुठीत धरला. "देणार न्हाई."

"मावशी?"

"डॉक्टर एक वाक्य बोलतील. मंग देते."

धर्मराज अण्णा पुढं आले. "वहिनी, काय लावलंय हे? लोक बसलेत. महाराज उभे हायेत."

"दिसतंय मला. सप्ताहाचं कीर्तन थांबवायचं पाप माझ्या माथ्यावर. शिवाच्या दारात मी त्याचं उत्तर देईन. आदी ह्यानं द्यावं."

"काकू, हे कीर्तनाचं ठिकाण आहे," राजेश्वर म्हणाला. "उद्या दवाखान्यात या, बोलू."

"दवाखान्यात तीनदा आलते. तू पाया पडलास. आज पाया नको पडू, उभा राहा. टोचायची गोळी कुठाय?"

"संपली."

"म्हाळूला बंद केली म्हणलास."

मंडपात कुजबुज झाली. मागून कुणी बाई म्हणाली, "अगं गप, बस खाली." दुसरी म्हणाली, "बोलू द्या की तिला." महाराजांनी वीणा गळ्यातून काढून टाळकऱ्याच्या हातात दिली आणि चक्क खाली बसले. म्हणाले, "डॉक्टर, मी थांबतो. माझ्या कीर्तनात हा माणूस पडला. मीही वर्षभर धरून चाललो होतो की कणीकच वाळली होती. मलाही ऐकायचंय."

राजेश्वरला घाम आला. "तेव्हा सगळेच डॉक्टर तशी देत होते, काकू. मोठमोठ्या दवाखान्यांत देत होते. मी एकटा नाही. कंपनीचा माणूस म्हणाला होता..."

"सगळे देत व्हते म्हणून माझ्या माणसाचा हात कमी गेला का?"

"मला माहीत नव्हतं."

"हे मान्य. खरंच मान्य, लेकरा. त्या दिवशी तुला म्हाईत नव्हतं. मला बी नव्हतं, मी टाळ्या वाजवल्या. मंग कवा कळलं?"

त्यानं अण्णांच्या हातातल्या शालीकडं बघितलं.

"कवा?"

"दिवाळीत," तो म्हणाला. "बीडला डॉक्टरांची बैठक होती. तिथं सांगितलं, तशी देऊ नका. एकदम खाली आलं तर अटॅक येतो, लकवा होतो."

"दिवाळी, मार्गशीर्ष, पौष, माघ," मी मोजलं. "माझं घर तुझ्या दवाखान्यापून किती लांब हाय? चड्डीत पळत यायचास तू गोळ्यांसाठी. आता कावून न्हाई आलास?"

"लोक दवाखाना फोडतील असं वाटलं, काकू."

"आन् ह्यांचा उजवा हात?"

खांबापाशी हालचाल झाली. हे उठायला बघत होते. अजिनाथनं धरलं. पाय ओढत हे राजेश्वरसमोर आले. इतका वेळ मी त्यांच्याकडं बघायची हिंमत केली नव्हती. मला वाटलं, सगळ्यांसमोर शोभा केलीस म्हणतील. जड जिभेनं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा, त्यांनी विचारलं, "मंग... रोजची... गोळी?"

राजेश्वर रडायला लागला होता. मला त्याचं रडणं नको होतं. मी म्हणाले, "डोळे नंतर पूस. आदी बोल. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल. त्या दिवशी दोनशे वीस म्हणला व्हतास तेवढ्या मोठ्यांदी."

तो मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, चूक माझी झाली. मी एकदम उतरवलं. औषध वाईट नाही. रोजची गोळी घ्या. नाही घेतली तर दुसरा हातही जाईल. ज्यांनी ज्यांनी गोळ्या टाकल्यात त्या सगळ्यांनी पुन्हा सुरू करा."

हे म्हणाले, "हे... आदी... सांगायचं व्हतं... बे." आणि उजवा तळहात माझ्यापुढं केला.

गोळीची पट्टी वर्षभर माझ्या कमरेच्या पिशवीत असायची, कधी एखाद्या क्षणी हो म्हणतील म्हणून. एक गोळी काढून तळहातावर ठेवली. कणकेला लावायच्या पाण्याचा तांब्या शेजारी होता, त्यातलंच पाणी दिलं. गोळी गिळताना यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. सगळा मंडप ती घाटी बघत होता.

मी मृदंग गादीवर ठेवला आणि कणीक थापली. मुठीच्या घामानं ती सैल झाली होती. यांनी वाकून उजव्या हातानं ती दाबून बघितली, नाक मुरडलं, आणि माझ्याकडं बघून मान हलवली. पोळीची झाली आहे, असं म्हणायचं होतं त्यांना. तशीच चालवून घेतली.

धर्मराज अण्णांनी शाल घडी करून पिशवीत घातली. महाराजांनी वीणा गळ्यात घातली, अजिनाथनं थाप मारली, आणि डावी पुडी घुमली.

राजेश्वर निघून गेला नाही. मागं, चपलांपाशी बसून राहिला. चार जणी म्हणाल्या, माफ कर, आपलंच लेकरू आहे. आहेच. ताटात वाढायची वेळ आली तर आजही मी त्याला उपाशी उठवणार नाही. पण दिवाळी ते माघ मला विसरता येत नाही, आणि मला ते विसरायचंही नाही.

महाराज त्या दिवशी फार सुंदर गायले, असं सगळे सांगतात. मी तिथंच, पहिल्या रांगेत होते. मला एक शब्द आठवत नाही. सबंध वेळ मी यांच्या उजव्या हाताकडं बघत होते. तो मांडीवर ठेका धरत होता.